त्या गालिच्यात हिरवा रंग नव्हता

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. 'तीर्थरूप' लिहायचं विसरलो नाही, लिहिलं नाही. सात वर्षांत तुमचं पहिलं पत्र आलं, त्यात माझ्या तब्येतीची चौकशी दीड ओळ आणि बाकी सगळं कोर्टाचं. तेव्हा मीही दीड ओळीत उरकतो. तब्येत बरी आहे. खातो, झोपतो.

पत्ता आईने दिला असणार. कुणाला देऊ नको म्हणून बजावलं होतं, म्हणजे तिने पहिल्यांदा आपल्या भावालाच दिला.

सध्या धुलाईच्या कारखान्यात आहे. मोठ्या हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे इथे येतात. मशीन खोलीएवढं आहे. चादर वाफाळत बाहेर पडते, दोघांनी दोन टोकं धरायची, झटकायची, घडी घालून ढिगावर टाकायची. माझ्या समोर असतो त्याला सगळे उंच्या म्हणतात. त्याचं टोक कायम वर, माझं खाली, त्यामुळे घडी वाकडी येते आणि शिव्या मला बसतात.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सुपरवायझरने यादी वाचली, "बारा मोठ्या, चार लहान." आणि मी मोठ्याने म्हणालो, "झाल्या!" झालं काहीच नव्हतं, गाडी अजून भरायची होती. सगळे हसले. उंच्या म्हणाला, "हा बघा, कामाआधीच काम उरकतो." तेव्हापासून माझं नाव 'झाल्या' पडलंय. मी कुणाला समजावत बसलो नाही. यांना काय सांगू, की गालिच्याच्या मागावर एक जण नकाशा बघून हाक देतो, 'दोन लाल, एक पांढरी, तीन निळ्या', आणि बाकावरची सगळी पोरं तेवढ्या गाठी मारून एका सुरात म्हणतात, 'झाल्या'? दिवसातून हजार वेळा म्हटलेला शब्द आहे. कुणी नुसता आकडा आणि रंग असं काही बोललं तरी माझी बोटं हलतात.

तुमचा कागद वाचला. सावकाश वाचला, जोडाक्षरं मला अजून चावतात. त्यात माझ्या तोंडी घातलंय की मी मागावर आलो तेव्हा पुरा चौदा वर्षांचा होतो. माझ्याहून लहान तिथे कुणी कामाला नव्हतं. तपासणीच्या दिवशी लोकरीच्या खोलीत जी अकरा पोरं सापडली ती आसपासची, खेळायला घुसलेली. माझ्या हाकेला त्यांनी ओ दिली ती ऐकून ऐकून लागलेल्या सवयीने. आणि मालकांना यातलं काही माहीत नव्हतं. खाली सहीची जागा. सही केलेला कागद वीस एप्रिलच्या आत आला नाही तर सगळं तुमच्या एकट्यावर येईल, गुडघे गेलेत, तुरुंगातल्या जमिनीवर बसवणार नाही, असं तुम्ही लिहिलंय.

बघतो. बरं पेन मिळालेलं नाही.

भाचा


२६ फेब्रुवारी

मामा,

पेन मिळालं. सही झालेली नाही.

तुमचं दुसरं पत्र आलं, 'एवढं साधं काम होत नाही का' म्हणून. होत नाही. चौदा या आकड्याशी माझं जुळत नाही. बाकी कागदाचं नंतर बघू, आधी हा आकडा.

तुम्ही आईला म्हणालात, याला हुन्नर शिकवतो, आणि मला घेऊन आलात. बाकावर मला तुम्ही उचलून बसवलंत. पाय लोंबकळायला लागले तेव्हा खालची फळी दोन खाचा वर घेतलीत. तिसऱ्या महिन्यात माझा समोरचा दात हलायला लागला. मी जिभेने तो ढकलत बसलो होतो, म्हणून माझा 'झाल्या' सगळ्यांच्या मागून आला. तुम्ही उठून आलात. मला वाटलं आता बसते. पण तुम्ही म्हणालात, "आ कर." लाल धाग्याचं एक टोक दाताला बांधलंत, दुसरं गाठी ठोकायच्या फणीला, आणि नेहमीसारखी फणी हाणलीत. दात गेला. पोरं हसली, मीही हसलो, तोंडात रक्त होतं तरी. तुम्ही म्हणालात, "जा, चूळ भर. आणि पुढची ओळ चुकवू नको."

तो दात मी दोन गाठींच्या मध्ये दाबून बसवला. तुम्हाला आजवर माहीत नसेल. कुणाच्या तरी दिवाणखान्यात आहे तो. पायाला टोचत असेल आणि घरातले एकमेकांना विचारत असतील, इथे खडा कसा आला.

चौदाव्या वर्षी समोरचे दुधाचे दात पडतात असं कुणी लिहून देत असेल, तर मी आत्ता सही करतो.

तुम्हाला वाईट म्हणायला हे लिहीत नाही. मारायचात, पण मालकाचा माणूस बघत असला तरच जोरात. बोटं सुरीने कापली की तेल तुम्हीच लावायचात. नकाशा वाचायला तुम्ही शिकवलंत, आज जे चार शब्द लिहितो ते त्यामुळेच. चौकोन मोजता यायला लागले तसं अक्षरांचंही भय गेलं. आणि तुम्ही स्वतः सहा वर्षांचे असताना त्याच बाकावर आला होतात. हे तुम्हीच सांगायचात, हसत, शाळेची गंमत सांगावी तसं.

आमच्या खोलीत सहा जण राहतात. त्यातला एक आचारी आहे, तो मला लिहिताना बघून म्हणतो, "एवढं मोठं कुणाला रे? लग्न जमवतोयस का मोडतोयस?"

मी म्हटलं, "मामाला."

तो म्हणाला, "मग मोडतोयस."

भाचा


१९ मार्च

मामा,

पत्ता बदललाय, पाकिटामागे नवा लिहिलाय. धुलाई सोडली. कारण विचाराल तर कारण नाही. तीन-चार महिने एका जागी झाले की माझ्या पायात काहीतरी वळवळायला लागतं. आई म्हणते हा गुण मामाचा. तुम्ही तर जन्म एका बाकावर काढलात, मग तो गुण तुमच्यात कुठे होता ते तिलाच ठाऊक.

आता रस्त्यावर पांढरे पट्टे मारतो. पिंपात रंग उकळतो, तो गाडीत ओततात, एक जण गाडी ढकलतो. मी पुढे दोरी धरून चालतो, सरळ रेषेसाठी. पट्टा, मोकळी जागा, पट्टा, मोकळी जागा. मागे वळून बघितलं की दिवसभरात किती चाललो ते दिसतं. आजवरच्या कुठल्याच कामात असं दिसलं नव्हतं.

सही केली आहे.

टोळीत एक म्हातारा आहे, दोरीचं दुसरं टोक धरून उकिडवा बसतो. उठताना आधी दोन्ही हातांनी जमीन ढकलतो, मग एक गुडघा, मग दुसरा. अगदी तुमच्यासारखा. त्याला तसं उठताना पहिल्यांदा पाहिलं त्याच दुपारी मुकादमाचं पेन मागून घेतलं आणि सही केली. कागद खिशात आहे. टपालपेटीवरून रोज जातो, तिच्या समोरचे पट्टे मीच मारलेत. पण टाकण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, ती कागदात नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी मालकाचा फोन आला. तुम्ही तीन वेळा 'हो साहेब' म्हणालात आणि टाळ्या वाजवल्यात. एक टाळी म्हणजे जेवण. दोन टाळ्या म्हणजे लोकर. दोन वाजल्या. लहान अकरा जण उठले, चपला टोपलीत, टोपली तुमच्या बाकाखाली, आणि रांगेने लोकरीच्या खोलीत. दारात तुम्ही प्रत्येकाच्या तोंडात लोकरीचा बोळा दिलात. दातात धरायचा, गिळायचा नाही. आत धूळ असते, खोकला आला तरी बोळ्यामुळे बाहेर ऐकू जात नाही. मग दारासमोर गठ्ठे रचले.

मी तेरा वर्षांचा होतो, पण उंच होतो आणि ओठावर सावली आली होती. मला चार मोठ्यांबरोबर बाकावर ठेवलंत. हाक देणं तेव्हा माझ्याकडेच होतं. म्हणालात, "विचारलं तर पंधरा सांग." तपासणीच्या बाईंनी विचारलं. मी पंधरा सांगितलं.

बाईंना सर्दी झाली होती, सारखा रुमाल नाकाला. बरोबर दोन शिपाई. त्या म्हणाल्या, "बाक एवढे लांब आणि माणसं पाचच?"

तुम्ही म्हणालात, "काम कमी आहे, बाई."

"आणि पायाखालच्या फळ्या एवढ्या वर कशाला?"

"गुडघ्यांना बरं पडतं. माझे बघा ना, कुरकुरतात."

बाई हसल्या. त्यांनी वहीत लिहिलं, सही केली आणि पेनाला टोपण लावलं. टक् असा आवाज झाला. तो ऐकला आणि मी हाक दिली. "दोन लाल, एक पांढरी, चार हिरव्या."

आधी काहीच झालं नाही. चौघे मोठे माझ्याकडे बघत राहिले. तुमचा हात माझ्या मानेवर आला. मग गठ्ठ्यांच्या मागून एक बारीक आवाज आला, "झाल्या." तो बुटकीचा होता, आठ वर्षांची होती, अकरांत सगळ्यांत लहान. थोड्या वेळाने दुसरा आवाज. मग सगळ्यांचे, रोजच्यासारखे.

बाईंनी टोपण काढलं.

तुम्ही मालकाला आणि सगळ्यांना सांगितलंत, पोराला सवय आहे, चुकून हाक गेली. मी ते तसंच राहू दिलं. मामा, ती चुकून गेली नव्हती. मी मुद्दाम दिली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आणि तिचा मला अभिमान वगैरे नाही. त्या पोरांना मी विचारलं नव्हतं. शीळ घातली की कुत्रं येतं तसं मी त्यांना त्यांच्या सवयीने ओढून बाहेर काढलं. त्यांना एका मोठ्या खोलीत नेऊन बसवलं, ती रडत होती, त्यातला गोट्या तर उलटी करत होता. मी खिडकीतून पाहिलं आणि निघालो तो निघालोच. गोट्याला पुढे त्याच्या बापाने विटांच्या भट्टीवर लावलं असं ऐकलं. म्हणजे मी त्याला लोकरीतून काढून विटांत घातला.

म्हणून सही केली. वयाचं खोटं आहे, खेळायचं खोटं आहे, मालकाचं तर आहेच. पण त्यांनी सवयीने ओ दिली, एवढं तरी कागदात खरं आहे. बाकीचं तुमच्या गुडघ्यांसाठी.

उद्या पेटीत टाकतो.

भाचा


२ एप्रिल

मामा,

टाकला नाही.

टाकायला निघालो त्याच दिवशी आईने पुढे पाठवलेलं एक पत्र आलं. बुटकीचं. तुम्हाला तिचा चेहरा आठवत असेल, नसेल. ती आता पंधरा वर्षांची आहे, वसतिगृहात राहते, नववीत आहे. अक्षर माझ्यापेक्षा फार चांगलं. तिलाही वीस तारखेला बोलावलंय, तेव्हा तू येणार का, असं विचारलंय. तिच्या पत्रातला मधला भाग जसाच्या तसा उतरवतो, माझ्या शब्दांत सांगितला तर तुम्हाला वाटेल मी रचला.

'दादा, मी आता बुटकी नाही. वर्गात मला शेवटच्या बाकावर बसवतात. तू अजून तेवढाच उंच आहेस की मी तुला गाठलं?

'सरकारी वकील मला शिकवतात, सांग की आम्ही सवयीने ओ दिली. सगळे असंच म्हणतात. तुलाही तसंच वाटतं का? अरे, तोंडात लोकर होती. माझी पिवळी होती, जिभेला चिकटलेली. सवयीने ओ द्यायला तोंड मोकळं लागतं. तू हाक दिलीस तेव्हा मी म्हटलं, हा काय बोलतोय, हिरवी कुठली? आपल्या मागावर तीनच रंग होते, लाल, पांढरा, निळा. हिरव्या लोकरीचा गुंडाच नव्हता. म्हणजे हा गाठींचं बोलत नाही, आमच्याशी बोलतोय. मग मी बोळा काढायला लागले. तो सगळा एकदम निघत नाही, तंतू राहतात. म्हणून उशीर झाला. उत्तर दिलं आणि कुणीच काही बोलेना, तेव्हा गोट्याच्या तोंडातला पण मी काढला. तो काढू देत नव्हता, माझ्या बोटाला कडकडून चावला. मग बाकीच्यांनी आपापले काढले. अंधारात दिसत नव्हतं, पण सगळीकडून थू थू ऐकू येत होतं. बोटावर व्रण आहे. तो मी कोर्टात दाखवणार आहे. वकील म्हणतात त्याची गरज नाही. मी म्हटलं, मला आहे.'

हे मी रस्त्याच्या कडेला, पिंपाजवळ बसून वाचलं. दोनदा वाचलं. तेवढ्यात गाडीतला रंग घट्ट झाला आणि मुकादमाने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. त्यात तुम्हीही आलात.

सात वर्षं मी धरून चाललो होतो की धाडस केलं असेल तर मी, आणि पाप केलं असेल तर तेही मीच. दोन्हीकडे आगाऊपणा झाला. मी फक्त तोंड उघडलं, ते आधीच मोकळं होतं. तिने आपलं आधी मोकळं केलं, मग उघडलं, आणि मग शेजारच्याचंही केलं. आठ वर्षांची होती.

हिरव्याचं म्हणाल तर मलाच सांगता येणार नाही. मुद्दाम घातला की घाबरून निघाला, कोण जाणे. हाक मुद्दाम दिली एवढंच छातीठोक सांगतो.

पण ते पत्र वाचल्यापासून मी दुसऱ्याच गोष्टीपाशी अडलोय. नकाशा मला तुम्ही शिकवलात. त्या गालिच्यात हिरवा नाही हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? हाक ऐकताक्षणी तुम्हाला कळलं असणार की ही चूक नाही, सवयही नाही. तुमचा हात माझ्या मानेवर होता. तो तुम्ही दाबला नाहीत, नुसता ठेवलात. बोळा काढायला बुटकीला उशीर लागला, तेवढ्या वेळात तुम्ही मोठ्याने हसला असतात, फणी आपटली असतीत, बाईंना चहाचं विचारलं असतंत, तरी तिचा तो बारीकसा आवाज बुडाला असता. खोकला कसा बुडवायचा हे शिकवणारे तुम्ही. तुम्ही काहीच केलं नाहीत. उभे राहिलात.

आणि मग मालकाला म्हणालात, सवय हो, पोर आहे. मालकाने मला हात लावला नाही तो त्या एका शब्दामुळे. तेव्हा तो शब्द तुम्ही माझ्यासाठी वापरलात. आता तोच कागदात मालकासाठी घातलाय.

कागद खिशात आहे. घामाने मऊ झालाय.

भाचा


११ एप्रिल

मामा,

कागद सोबत परत पाठवतोय. सही खोडली आहे, नीट, तीन आडव्या रेघा मारून. आता रेघा मला सरळ येतात.

मी वीस तारखेला येतोय. मुकादमाला रजा मागितली तर म्हणाला, "जा, पण परत आलास तर दोरी दुसऱ्याच्या हातात असेल." मी म्हटलं, असू दे. जुन्या खोलीवर जाऊन आलो, तिथला आचारी म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं का, मोडतोयस." त्याने प्रवासाला भाकरी बांधून द्यायचं कबूल केलंय, म्हणजे तो तसा वाईट नाही.

मी काय सांगणार ते आधीच लिहितो, म्हणजे तुम्हाला अचानक वाटायला नको. मागावर आलो तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. दाताचं सांगेन. फळी दोन खाचा वर होती. मालकाचा फोन यायचा आणि तुम्ही 'हो साहेब' म्हणायचात, मग दोन टाळ्या. बोळे तुम्ही द्यायचात, गठ्ठे तुम्ही रचायचात. तेल तुम्ही लावायचात. सहा वर्षांचे असताना तुम्हाला कुणी त्याच बाकावर उचलून बसवलं होतं. आणि त्या दिवशी तुमचा हात माझ्या मानेवर होता, तो दाबला गेला नाही. यातलं काही गाळणार नाही, तुमच्या बाजूचंही नाही आणि विरुद्धचंही नाही. तुम्हाला सोडवायला येत नाही आणि अडकवायलाही येत नाही. त्याचं काय होईल ते मला कळत नाही. गुडघ्यांचा विचार रोज येतो, एवढं खरं आहे.

बुटकीला कळवलंय. तिने उलट टपाली एकच ओळ लिहिली, 'उंची मोजायला तयार राहा.'

आणखी एक. मी नऊ-दहा वर्षांचा असेन, एकदा बोळा तोंडात घेताना मला उमासा आला. तेव्हा तुम्ही म्हणालात, "नाटकं करू नको. आमच्या वेळी काळी लोकर असायची, न धुतलेली. अजून जिभेवर चव आहे." सगळ्यांना हसवण्यासाठी म्हणालात, आणि सगळे हसले. मी तेव्हा हिशेब केला नव्हता. तुमचं वय आता पंचेचाळीस. म्हणजे ती चव एकोणचाळीस वर्षं तुमच्या तोंडात आहे.

तुम्हाला आत बोलावतील. मालक मागच्या बाकावर बसलेला असेल. वकील विचारतील, मालकांना माहीत होतं का. आम्ही दोघं बाहेर बाकावर असू, मी आणि बुटकी. दार उघडं असलं तर ऐकू येईल.

काढून टाका, मामा, आणि मग बोला. तंतू राहतात, एकदम निघत नाही, हे आम्हाला माहीत आहे. उशीर लागला तरी आम्ही थांबू.

तुमचा भाचा